वर्गशिक्षिकेचा वेळ

शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा आपल्याकडे फेब्रुवारीत सुरू होते आणि जूनमध्ये संपते. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांत समुपदेशकांचे सल्ले छापून येतात, हेल्पलाइनचे क्रमांक येतात, निकालाच्या दिवशी एखादी काळीज पिळवटणारी बातमी येते आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली की सारे शांत होते. या चर्चेत पहिली ते चौथीचे मूल कुठेच नसते. ते लहान आहे, त्याला काय कळते, रडेल आणि विसरून जाईल, असे आपण धरून चालतो. पण शाळा म्हणजे काय, मोठ्या माणसांवर विश्वास टाकायचा की नाही, चुकले तर काय होते, आपण हुशार की ढ, या प्रश्नांची उत्तरे मूल याच चार वर्षांत मिळवते आणि दहावीपर्यंत तीच सोबत बाळगते. या लेखाचे म्हणणे एकच आहे. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या उपनगरांत प्राथमिक शाळेतल्या मुलांचे मन सांभाळायचे असेल, तर सर्वांत आधी वर्गशिक्षिकेचा वेळ वाचवला पाहिजे. समुपदेशक हवा, डॉक्टर हवा, हेल्पलाइनही हवी. पण ही सारी मदत बाईंच्या पाठीशी उभी राहिली पाहिजे. बाईंची जागा तिला घेता येणार नाही.

मोजणीतून सुटलेली मुले

आधी आकडे पाहू, कारण पहिली गफलत तिथेच आहे. एनसीईआरटीने २०२२ साली शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याचे मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात ३ लाख ७९ हजार मुलांनी उत्तरे दिली आणि अभ्यास, परीक्षा व निकाल यांची चिंता वाटते असे ८१ टक्के मुलांनी सांगितले. हा आकडा गाजला, पण ही मुले सहावी ते बारावीची होती. त्याआधी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले आणि महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के निघाले. मात्र या सर्वेक्षणात तेरा वर्षांखालचे मूल नव्हते आणि निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्रही नव्हता. म्हणजे देशातल्या या दोन्ही मोठ्या मोजण्यांत घाटकोपरच्या सात वर्षांच्या मुलाला जागाच नव्हती. दुसरीकडे जगभरातल्या १९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक विकारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विकार वयाच्या चौदा वर्षांआधीच सुरू होतात, असे त्याने दाखवले. आपली मोजणी जिथे सुरू होते, तिथे पोहोचेपर्यंत अनेक मुलांचा त्रास जुना झालेला असतो.

लहान मुलांचा त्रास मोजायला अवघड आहे, हे खरे. सात वर्षांचे मूल ‘मला उदास वाटते’ असे म्हणत नाही. त्याच्या पोटात दुखते. गणिताच्या तासालाच त्याला शू लागते. डबा न उघडता परत जातो. आधी बडबडणारी मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर गप्प होते. एखादा मुलगा रोज कुणाला तरी ढकलतो, आणि त्याला शिक्षा करताना हे महिन्याभरातच सुरू झाले आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वही अपुरी राहणे, पेन्सिल कुरतडणे, सोमवारची गैरहजेरी, वर्गात झोप लागणे: एकेकट्याने पाहिले तर यांतले काहीच आजाराचे लक्षण नाही. आधी नव्हते आणि आता आहे, हा फरक मात्र अर्थपूर्ण असतो. तो ओळखायला मुलाला कालही पाहिलेले माणूस लागते. डॉक्टर पंधरा मिनिटे पाहतो, समुपदेशक बोलावल्यावर येतो, पालक मुलाला घरातच पाहतात. वीस-पंचवीस समवयस्कांमध्ये ते मूल रोज कसे वागते, हे फक्त वर्गशिक्षिकेला दिसते. ते पाहण्याएवढी उसंत तिला असेल, तरच.

उपनगरातल्या मुलाचा दिवस

२०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजार होती. त्यात मरोळच्या वसाहती आहेत, लोखंडवालाचे मनोरे आहेत, असल्फ्याच्या टेकडीवरची घरे आहेत, मुलुंडच्या जुन्या सोसायट्या आहेत आणि बोरिवलीच्या पुनर्विकासात भाड्याच्या घरी गेलेली कुटुंबेही आहेत. या मुलांच्या दिवसांत फार अंतर आहे, पण एक गोष्ट समान आहे: आई-वडिलांचा बराचसा वेळ प्रवासात जातो. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे चौतीस किलोमीटर आहे. धिम्या गाडीने तासाहून अधिक. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि तिकडची पायपीट धरली, तर दिवसाचे तीन तास सहज जातात. रात्री साडेआठला घरी आलेल्या आईला किंवा बाबांना मुलाशी बोलायला जो अर्धा तास मिळतो, तो गृहपाठ, दप्तर आणि जेवण यांतच संपतो. आजी-आजोबा गावी असतात किंवा दुसऱ्या उपनगरात. मूल पाळणाघर, शिकवणी, अबॅकस अशा ठिकाणी हातोहात पुढे सरकत राहते. या फिरतीत आठवड्यातले पाच-सहा दिवस त्याच जागी, त्याच वेळी भेटणारे घराबाहेरचे मोठे माणूस एकच असते, ते म्हणजे वर्गातल्या बाई.

या दिनक्रमाचा पहिला बळी झोप आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये सांगितले. सातची शाळा म्हणजे सव्वासहाची बस आणि साडेपाचचा गजर. रात्री जेवणेच साडेनऊला होत असतील, तर नऊ तासांचा हिशेब जमत नाही. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हा विषय जाहीरपणे मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरावेत. निर्णय चांगला होता. त्यावर शाळांनी सांगितलेल्या अडचणीही खोट्या नव्हत्या: एकाच इमारतीत दोन अधिवेशने भरतात, बसच्या फेऱ्या ठरलेल्या असतात आणि आई-वडिलांना आठची लोकल गाठायची असते. पण अडचणीपुढे मुलाची झोप दर वेळी दुय्यम ठरते, हे या वादात उघड झाले. अपुऱ्या झोपेचे मूल चिडते, रडते, लक्ष देत नाही. मग त्याच वागण्यासाठी वर्गात त्याला बोलणी बसतात.

गोंगाटाचेही तसेच. लंडनचे हीथ्रो, ॲमस्टरडॅमचे स्किफोल आणि माद्रिदचे बाराखास या विमानतळांभोवतालच्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या सुमारे २,८०० मुलांचा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जितका जास्त, तितकी वाचनाची समज कमी आणि वैताग अधिक, असे त्यात दिसले. अंधेरी पूर्वेला विमानतळ शेजारी आहे. एलबीएस मार्ग आणि एसव्ही रोडवर कित्येक वर्गखोल्या रस्त्याला लागून आहेत. शाळांभोवती शांतता क्षेत्राचे फलक असतात, पण ते वाचून हॉर्न थांबत नाहीत. अशा वर्गात बाईंना आवाज चढवून शिकवावे लागते आणि चढा आवाज लहान मुलाला राग म्हणूनच ऐकू येतो. यातले काहीच बाईंच्या हातात नाही. म्हणूनच जे तिच्या हातात आहे, ते तिला मोकळेपणाने करता आले पाहिजे.

पुरावा कुठे बोट दाखवतो

वर्गातल्या साध्या वागणुकीने मुलांचे पुढचे आयुष्य बदलते का, याचे उत्तर शोधणारा एक जुना प्रयोग अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात झाला. १९८५-८६ मध्ये तिथल्या काही शाळांत पहिलीच्या शिक्षकांना एक वर्गखेळ शिकवला गेला. वर्गाचे गट करायचे, वागण्याचे मोजके नियम सर्वांना समजावून सांगायचे आणि पूर्ण गटाने ते पाळले की गटाचे कौतुक करायचे. नवा विषय नाही, पुस्तक नाही; नेहमीचे काम चालू असतानाच हा खेळ चालायचा. ही मुले एकोणीस-एकवीस वर्षांची झाली तेव्हा संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठले. पहिलीत सर्वांत आक्रमक असलेल्या मुलांमध्ये व्यसनाधीनतेचे प्रमाण इतर वर्गांतल्या तशाच मुलांपेक्षा लक्षणीय कमी होते. शिवाय भावनिक आणि सामाजिक कौशल्यांच्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बालवाडीपासून बारावीपर्यंतची २ लाख ७० हजार मुले होती. असे उपक्रम वर्गशिक्षक स्वतः चालवतात तेव्हाही ते परिणामकारक ठरतात, मुलांचे वागणे सुधारते आणि अभ्यासातही भर पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘हे सगळे करत बसलो तर पोर्शन कधी पूर्ण करायचा?’ या शिक्षक-पालकांच्या रास्त प्रश्नाला एवढे उत्तर पुरे आहे.

पण याच्या अगदी उलट दिसणारा पुरावाही आहे आणि तो आपल्या देशातला आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक माध्यमिक शाळांत एक मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली, पण पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नसलेली व्यक्ती समुपदेशक म्हणून नेमली. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांकडे सोपवला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी कमी झाली, मुलांमधली नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना शिक्षकांकरवी सजगतेचे, म्हणजे ध्यानाच्या अंगाचे, धडे देऊन पाहिले गेले. तिथेही नेहमीच्या शिक्षणापेक्षा जास्त फायदा आढळला नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. दोन्ही ठिकाणची मुले मोठी, म्हणजे माध्यमिक वयाची होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी आपल्याकडे दर वर्षी एखादा नवा ‘आनंददायी’ तास जाहीर करणाऱ्यांनी हे निकाल वाचायला हवेत.

हे दोन्ही प्रकारचे निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवले की माझ्या मते चित्र स्पष्ट होते. जे काम शिकवण्याच्या आतच आहे, म्हणजे नियम कसे सांगायचे, चूक कशी दाखवायची, कुणाला कुणाशेजारी बसवायचे, कौतुक कशाचे करायचे, ते शिक्षक उत्तम करतो आणि त्याचा परिणाम टिकतो. आधीच भरलेल्या दिवसावर आणखी एक स्वतंत्र कार्यक्रम, त्याची नोंदवही आणि त्याचा अहवाल लादला, तर तो कागदावर पूर्ण होतो आणि मुलांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कामाची वाटणी अशी व्हायला हवी: वर्गाचे वातावरण बाईंनी सांभाळावे, आणि ज्या मुलाला स्वतंत्र मदत लागते त्याच्याशी बोलायला, त्याच्या घरी जायला, दवाखान्याची वाट दाखवायला दुसरे प्रशिक्षित माणूस असावे.

आठ मिनिटे आणि चार मिनिटे

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटे. प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्यात आहे. एकूण वेळ मुलांत सारखा वाटला, तर तीसच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटे येतात आणि साठच्या वर्गात चार. उपनगरांतल्या मागणी असलेल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांत पन्नास-साठ मुलांचे वर्ग आपण डोळे झाकून स्वीकारले आहेत, कारण त्या शाळेत प्रवेश मिळाला हेच आपल्याला भाग्य वाटते. दुसरीकडे महापालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरत गेला. तिथे वर्ग लहान आहेत, पण पट कमी म्हणून शिक्षक कमी, आणि शिक्षक कमी म्हणून दोन इयत्ता एकाच खोलीत, असे दुष्टचक्र सुरू होते. मुलाला नीट पाहता येईल इतका लहान वर्ग ही मराठी शाळेची खरी श्रीमंती आहे. ती वाचवली असती, तर पालकांना सांगायला एक ठोस कारण राहिले असते.

या चार तासांतूनही वेळ गळतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळता शिक्षकांना शिक्षणेतर काम देऊ नये, असे कायद्याचे कलम २७ म्हणते. पण अपवादच एवढा मोठा आहे की नियम त्यात हरवतो. मतदार याद्यांचे काम, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघरी फिरणे, आता २०२७च्या जनगणनेची तयारी, त्याखेरीज पोषण आहाराच्या नोंदी, निरनिराळ्या पोर्टलांवर भरायची माहिती, व्हॉट्सॲपवर आजच्या आज मागवलेले फोटो. बहुतेक प्राथमिक शाळांत लिपिक नसतो, म्हणून लिपिकाचे कामही बाईंचेच. मानसिक आरोग्याची योजना म्हणून कुणी दोन शाळांमागे एक लिपिक नेमला, तर ती योजना वाटणारच नाही. पण मुलांना त्याचा उपयोग नव्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त होईल.

हा वेळ मिळाला तर त्याचे काय करायचे, हेही ठरलेले असले पाहिजे. रोज सकाळी दारात उभे राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणे. मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये न जाता आठवड्यातून दोनदा मुलांबरोबर डबा खाणे. चुकलेले उत्तर वर्गासमोर वाचून न दाखवणे. मागच्या बाकावर कायम तीच मुले नसतील याची काळजी घेणे. फी थकलेल्या मुलाला उभे न करणे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते आणि कलम २९ सांगते की अभ्यासक्रमाने मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे. अपमान करू नये, ही आता फक्त चांगुलपणाची अपेक्षा राहिलेली नाही, तो कायदा आहे. तरी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांशी बोलून जो अहवाल तयार केला, त्यात ९९ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणती ना कोणती शिक्षा भोगल्याचे सांगितले. त्यात छडी होती, तसेच टाकून बोलणेही होते.

वाचता न येणे हे प्राथमिक वयातल्या दुःखाचे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. तिसरीत गेलेले मूल अक्षरे जुळवू शकत नाही तेव्हा आधी आळशी, मग ढ, मग उद्धट ठरते. अध्ययन अक्षमता आहे की काय ही शंका सर्वांत शेवटी येते. या बाबतीत मुंबईला मोठी परंपरा आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी या विषयावर वर्षानुवर्षे काम केले, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये मुंबईतच उभी राहिली आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र आघाडीवर राहिला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली आणि २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक चाचणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी करावी असे ठरवले. म्हणजे कायद्यानेही पहिली नजर वर्गशिक्षिकेचीच मानली आहे. प्रत्यक्षात अनेक पालक रुग्णालयात पोहोचतात ते नववीत, सवलतीचे प्रमाणपत्र मिळवायला. तोवर मुलाची सहा वर्षे स्वतःला नालायक समजण्यात गेलेली असतात.

हरकती

पहिली हरकत ठरलेली आहे: आम्ही छड्या खाल्ल्या, साठ जणांच्या वर्गात बसलो, आमचे काय बिघडले? हे बोलणारा माणूस शाळेत टिकलेला असतो. जे चौथीतून गळाले, ज्यांनी शाळेच्या धास्तीने शिक्षणच सोडले, ते ही हरकत घ्यायला चर्चेत नसतात. शिवाय त्या पिढीच्या मुलाला शाळेबाहेर चाळीचा व्हरांडा, वाडी, मैदान आणि घरात चार मोठी माणसे होती. शाळेत दुखावलेले मन सावरायच्या जागा आजच्या मुलाकडे उरलेल्या नाहीत. आणि छडीशिवाय शिकवता येते हा काही परदेशी शोध नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला, पुढे अनुताई वाघांसह बोर्डी आणि कोसबाडला काम उभे केले, ते भयमुक्त शिक्षणाच्या पायावरच. बोर्डी उपनगरांपासून पश्चिम रेल्वेच्या एका प्रवासावर आहे.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: शिक्षकांना मानसिक आरोग्याची भाषा शिकवली, तर प्रत्येक चळवळ्या मुलावर आजाराचा शिक्का बसेल. ही भीती खरी आहे आणि काही शाळांत ‘हायपर’, ‘ऑटिस्टिक’ असे शब्द सहज फेकले जाऊ लागले आहेत. यावर उपाय म्हणजे बाईंनी निदान करूच नये. फक्त पाहिलेले सांगावे. ‘तुमचा मुलगा डिप्रेस्ड आहे’ या वाक्याने घर हादरते किंवा भांडायला उठते. ‘तीन आठवडे तो डबा खात नाही आणि खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसतो’ या वाक्यावर आई विचार करू लागते. ही नोंद बाईंजवळच राहावी, प्रगतिपुस्तकात जाऊ नये आणि स्टाफरूममध्ये चघळली जाऊ नये, एवढी शिस्त मात्र मुख्याध्यापकांनी पाळायला लावली पाहिजे.

तिसरी हरकत, मुलाचे मन ही आई-वडिलांची जबाबदारी आहे. आहेच. म्हणूनच पालकसभा तक्रारसभा होता कामा नये. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला न ठेवता शनिवारी दुपारी किंवा रविवारी ठेवली, तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणारी आईही येऊ शकेल. चौथी हरकत खुद्द शिक्षकांना ठाऊक असते: सगळ्याच बाई मायाळू नसतात, आणि मोकळा वेळ मिळाला म्हणून माणूस आपोआप समजूतदार होत नाही. हे मान्य केले पाहिजे. वेळ ही पहिली अट आहे, पुरेशी अट नाही. तिच्यासोबत प्रशिक्षण आणि उत्तरदायित्व दोन्ही लागतात. पण दमलेल्या, कावलेल्या माणसाला दिलेले प्रशिक्षण वाया जाते, हेही तितकेच खरे.

पाचवी हरकत पैशांची आणि तज्ज्ञांची. देशात एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, ०.७५ हा आकडा वारंवार सांगितला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा खटल्यात दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. आदेश योग्य आहे. धोका असा की मोठी शाळा माध्यमिक विभागात एक समुपदेशक बसवील, प्राथमिक इमारतीत तो पोहोचणारच नाही आणि कागदावर आदेश पाळल्याची नोंद होईल.

वॉर्डापासून सुरुवात

मुंबईत हे शून्यातून करावे लागणार नाही. देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र याच शहरात १९३७ मध्ये सुरू झाले, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने. १०९८ ही चाइल्डलाइनही १९९६ मध्ये त्याच संस्थेतून जन्माला आली. ती संस्था आज देवनारला, घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर आहे. मुलुंडची हद्द ओलांडली की ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली मानसिक आरोग्य संस्था आहे. वरळीत २००३ पासून ‘मुक्तांगण’ने महापालिकेच्या शाळांत आसपासच्या वस्तीतल्या बायकांना शिक्षिका म्हणून घडवले आणि वर्गात मुलांमागे मोठ्या माणसांची संख्या वाढवली. माणसे आणि अनुभव आहेत. ती शाळेच्या वेळापत्रकाला जोडलेली नाहीत.

जोडणी वॉर्डाच्या पातळीवर होऊ शकते. अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन आणि मुलुंडचा टी, या पाच वॉर्डांत पाच-सहा प्राथमिक शाळांच्या गटामागे एक प्रशिक्षित शालेय समाजकार्यकर्ता असावा. शाळा महापालिकेची असो, अनुदानित असो वा खासगी, आठवड्यातला त्याचा एक ठरलेला दिवस त्या शाळेचा. बाईंनी सांगितलेल्या मुलाशी त्याने बोलावे, घरी जावे, आणि गरज पडली तर राजावाडी, कूपर, मुलुंडचे अग्रवाल अशा पालिका रुग्णालयांत ओळखीच्या माणसाकडे पाठवावे. नालंदाच्या चाचणीने दाखवले की त्यासाठी प्रत्येक शाळेत मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेली सामान्य पात्रतेची व्यक्तीही पुरते. अंतिम वर्षाच्या समाजकार्य विद्यार्थ्यांची क्षेत्रकार्याची नेमणूक प्राथमिक शाळांत वाढवली, तर सुरुवात आहे त्या खर्चात होईल. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फलकावर असावा, पण पालक आणि शिक्षकांसाठी, सात वर्षांचे मूल फोन लावणार नाही.

वाचकहो, तुमचे मूल, नातवंड किंवा भाचरू या वर्षी पहिली ते चौथीत असेल, तर पुढच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा. वर्गात मुले किती आहेत? बाईंना या सत्रात शाळेबाहेरच्या कामाला किती दिवस पाठवले? आणि एखादे मूल सलग तीन आठवडे गप्प राहिले, तर ही शाळा काय करते? शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. नगरसेवक मत मागायला आला तर त्यालाही विचारा. उत्तरे समाधानकारक नसतील तेव्हा बाईंवर रागावू नका, त्यांच्या बाजूने उभे राहा. मुलाकडे पाहायला त्यांना वेळ मिळावा, ही मागणी शिक्षकांच्या संघटनेवर सोडून देण्यासारखी नाही. ती पालकांनी करायची मागणी आहे.